ग्लास एकीकडे, गाणं दुसरीकडे

मुंबई-पुण्याकडचा पाहुणा सकाळी वेरूळ, दुपारी दौलताबाद, उन्हं कलताना बीबी का मकबरा असं सगळं एका दिवसात उरकतो, संध्याकाळी सोफ्यावर पाय लांब करतो आणि विचारतो, "मग? इथं रात्रीचं काय असतं?"

छत्रपती संभाजीनगरचा माणूस या प्रश्नाला पिढ्यान् पिढ्या एकच उत्तर देत आलाय. "जेवायला जाऊ." पाहुण्याच्या डोळ्यांपुढे निळे दिवे, स्टेजवर गिटार, हातात उंच ग्लास असलं काहीतरी असतं. आपण त्याला नान-खलिया खाऊ घालतो आणि मग उस्मानपुऱ्यात नेऊन ताराचं पान. ते तोंडात असेपर्यंत पाहुण्याला पुढचा प्रश्न विचारता येत नाही आणि ते संपेपर्यंत त्याला झोप आलेली असते. आमचं नाइट लाइफ असं पार पडतं.

पण प्रश्न रास्त आहे. कारण पिण्याच्या बाबतीत हे गाव कोरडं आहे असं म्हणायला जागा नाही. वाळूजच्या एमआयडीसीत बीअरचे कारखाने आहेत, शेंद्र्याला डिस्टिलरी आहे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही बारमध्ये बीअरची बाटली दिव्याखाली धरून लेबलावरची बारीक अक्षरं वाचा (हे काम पहिल्या बाटलीलाच करावं), वाळूजचा पत्ता निघण्याची बरीच शक्यता. कोरेगाव पार्कात आणि वांद्र्याच्या गच्च्यांवर जे फेसाळतं त्यात आमच्या गोदावरीचं पाणी असतं. ते पैठणच्या नाथसागरातून निघतं, वाळूजला जरा सुसंस्कृत होतं आणि ट्रकमध्ये बसून गाणं ऐकायला मोठ्या शहरात निघून जातं. आम्ही इकडे नळाला पाणी कोणत्या वारी येणार याची चौकशी करत बसतो.

2016 च्या उन्हाळ्यात हे दुखणं उघड्यावर आलं. लातूरला रेल्वेने पाणी पोचवावं लागत होतं, मराठवाड्यातली धरणं तळाला गेली होती आणि बीअर मात्र नियमित होत होती. प्रकरण उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठापुढे गेलं आणि मद्याच्या कारखान्यांचं पाणी आधी 50 टक्के, मग मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून 60 टक्के तोडलं गेलं. त्या दिवसांत एक लिटर बीअरला किती लिटर पाणी लागतं याचा हिशेब चौकाचौकात चालायचा. ज्यांना शाळेत पाढे आले नव्हते तेही करायचे. परमिट रूममध्ये तर हा विषय रोज रात्री रंगायचा, आणि पोटतिडकीने बोलणाऱ्याच्या हातात त्या वेळी काय असायचं ते सांगायला नको.

परमिट रूम म्हटलं की मला आपल्या राज्याबद्दल फार आदर वाटतो. ही खोली ज्या कायद्याखाली चालते त्याचं नाव महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949. म्हणजे दारूबंदीच्या कायद्याने परवाना घेऊन दारू विकायची आणि दारूबंदीच्याच कायद्याने परवाना घेऊन ती प्यायची. पिण्याचा परवाना एका दिवसाचा असतो, वर्षाचा असतो आणि आजन्मही असतो. आणि तो प्रकृती चांगली राहावी म्हणून दिला जातो. बीअरसाठी वयाची अट 21, कडक दारूसाठी 25. मधल्या चार वर्षांत तरुणांनी नेमकी कसली तयारी करावी, याबद्दल कायदा काही बोलत नाही.

आमच्याकडची परमिट रूम आतून अशी असते. बाहेर थोडं गार्डन, कारंजं (बंद), 'फॅमिली'साठी वेगळा दरवाजा. आत उजेड इतका कमी की मेन्यू मोबाइलच्या टॉर्चवर वाचावा लागतो. ओळखीच्या माणसाने आपल्याला ओळखू नये एवढ्यासाठीच हा अंधार राखलेला असतो. एका टेबलावर शाळेतले सर, पलीकडच्या टेबलावर त्यांचाच माजी विद्यार्थी आणि दोघांच्या मध्ये प्लास्टिकच्या पानांची कुंडी. गुरुशिष्य परंपरा त्या कुंडीवर टिकून आहे. टेबलावर खारे शेंगदाणे, कांदा-टोमॅटो पेरलेला मसाला पापड, शेव. फुकटचा चखणा तिसऱ्यांदा मागितला की इतका वेळ चलाख असलेला वेटर एकदम बहिरा होतो. भिंतीवर टीव्ही, टीव्हीवर क्रिकेट, आवाज बंद. मॅच नसेल तेव्हा जुनी मॅच, तीही तितक्याच उत्कंठेने पाहिली जाते. गाण्याचा पत्ता नसतो. दोन पेगनंतर एखादा टेबलावर ठेका धरून मनापासून गातो, पण त्याचे साथीदारच त्याला गप्प बसवतात. "अरे, सर बसलेत तिकडे, काय करायलास!"

हाही संसार एकदा मोडायला आला होता. डिसेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको असा आदेश दिला आणि 1 एप्रिल 2017 पासून तो लागू झाला. पिऊन गाडी हाकणाऱ्यांमुळे लोक मरतात, त्यामुळे आदेशामागच्या कळकळीला कुणी नावं ठेवली नाहीत. पण आमच्या शहराच्या रस्त्यांची नावंच परगावची. जालना रोड, पैठण रोड, बीड बायपास, नगर नाका. इथला प्रत्येक मोठा रस्ता दुसऱ्या कुठल्या तरी गावाला जायला निघालेला आहे आणि आमचं शहर त्यांच्या कडेला बसलंय. पाचशे मीटर दोन्ही बाजूंना सोडले तर उरतं काय? बऱ्याच पाट्यांवर कापड आलं. केरळात एका बारने म्हणे दारासमोर भुलभुलैया बांधून चालण्याचं अंतर वाढवून घेतलं. आमच्याकडे एवढी उमेद कुणी दाखवली नाही, लोक नुसतेच घरी लवकर जाऊ लागले आणि घरच्यांना काळजी वाटू लागली. जुलै 2017 मध्ये, महापालिका आणि नगरपालिकांच्या हद्दीतल्या परवान्यांना हा आदेश अडवत नाही असा खुलासा न्यायालयाने केला. कापडं उतरली. टीव्हीवर तीच जुनी मॅच चालू होती.

तर ग्लास हा असा. गाण्याचं काय? गाण्याच्या बाबतीत या मातीने जगाकडे काही मागायची गरज नाही. विद्यापीठामागच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. वेरूळ-अजिंठ्याच्या थाटामाटात त्यांच्याकडे पाहुणा फिरकत नाही. तिथल्या सातव्या लेण्याच्या गाभाऱ्यात भिंतीवर एक नर्तकी कोरलेली आहे, तिच्या दोन्ही अंगांना बसलेल्या सहा वादक स्त्रिया. बासरी आहे, तालवाद्यं आहेत. नर्तकीची कंबर अशी काही वळलेली आहे की पुढची सम ती कुठे घेणार हे बघायला आपण थांबतो. सहाव्या-सातव्या शतकापासून ही मैफल चालू आहे, श्रोते म्हणून शेजारी साक्षात बुद्ध बसलेले आहेत, आणि मधूनच येऊन कुणी पनीर टिक्का मागवत नाही.

त्यानंतर देवगिरी. यादव राजा सिंघण याच्या पदरी तेराव्या शतकात शार्ङ्गदेव होता. घराणं मूळचं काश्मीरचं, हुद्दा 'श्रीकरणाधिपती'. आजच्या भाषेत लेखा विभागाचा प्रमुख. या हिशेबनीसाने 'संगीतरत्नाकर' नावाचा सात अध्यायांचा ग्रंथ लिहिला आणि पुढे उत्तरेचे नि दक्षिणेचे दोघेही संगीतवाले त्यालाच प्रमाण मानत आले. मार्चअखेरच्या गडबडीत तो हे लिखाण कधी करत असेल देव जाणे. एमजीएमच्या आवारातल्या महागामी गुरुकुलात दर जानेवारीत त्याच्या नावाचा समारोह होतो, नृत्य-संगीतावर व्याख्यानं होतात, थंडीत शाली पांघरून लोक ऐकतात. मध्यंतरात चहा. बाकी काही नाही.

ग्लास आणि गाणं यांची इथली ताटातूट तशी जुनीच आहे. त्याबद्दल एक गोष्ट सांगतात. शाहजादा औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना बऱ्हाणपुरात हिराबाई नावाच्या गायिकेवर भाळला. तिला लोक जैनाबादी म्हणत. प्रेमाची परीक्षा म्हणून तिने एकदा दारूचा पेला त्याच्यापुढे धरला. त्याने विनवण्या केल्या, ती ऐकेना. शेवटी त्याने पेला ओठांना लावला आणि त्याच क्षणी तिने तो काढून घेतला. 'मासिर-उल-उमरा' या चरित्रकोशात ही गोष्ट येते, आणि तो कोश लिहिणारा शाहनवाजखान अठराव्या शतकातला इथलाच, याच शहरातला. खरीखोटी त्याची त्याला माहीत. हिराबाई तरुणपणीच वारली आणि तिला याच शहरात दफन केलं. पुढे याच माणसाने बादशहा झाल्यावर दरबारातलं गाणं बंद केलं. संगीताची प्रेतयात्रा निघाली तेव्हा "खोल पुरा" असं तो म्हणाल्याची कथा मनुचीने लिहून ठेवली आणि ती सगळ्यांना पाठ आहे. इतिहासकार अलीकडे तिच्याबद्दल शंका घेतात. शंका घेण्यासारखं कारण मला खुलदाबादलाच दिसतं. बादशहाची उघडी कबर ज्या गावात, त्याच गावात, रस्त्यापलीकडे बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचा दर्गा. हे चिश्ती सूफी चौदाव्या शतकातले. 'समा' म्हणजे गाणं ऐकणं हीच त्यांची साधना, आणि ऐकता ऐकता त्यांचे शिष्य नाचत तेही इतकं त्यांच्या खास ढंगाने की त्यांना 'बुऱ्हाणी' असं वेगळं नाव पडलं. खुलदाबादच्या उरुसात आजही कव्वाली होते. पुरलेलं गाणं त्या गावात फार खोल गेलेलं दिसत नाही.

एवढी पुण्याई गाठीला असून सध्याची परिस्थिती पाहा. गेल्या काही वर्षांत शहरात 'लाइव्ह म्युझिक'च्या पाट्या लागल्या आहेत. कॅनॉटला लागल्या, बायपासच्या गार्डन रेस्टॉरंटांना लागल्या. शनिवारी संध्याकाळी अशाच एका ठिकाणी आम्ही बसलो होतो. कोपऱ्यात दोन फुटांचा चौथरा, त्यावर एक मुलगा, गिटार, लॅपटॉप आणि स्वतःच्या घशापेक्षा मोठा स्पीकर. मुलगा गुणी होता. सुरात होता, दम राखून होता. पण त्याच्या कार्यक्रमाची आखणी स्वयंपाकघरातून होत होती. अंतऱ्यावर आला की "टेबल नंबर सात, दोन रोटी!" आणि समेवर आला की मिक्सर.

त्याने 'बाजार' सिनेमातलं ते आठवणीचं गाणं सुरू केलं. 1982 चं, खय्यामचं संगीत, भूपिंदरचा आवाज. माझ्या हातातला घास हातातच राहिला, कारण हे गाणं लिहिणारे बशर नवाज आमच्याच शहरातले. 2015 साली ते गेले, तोपर्यंत इथल्याच रस्त्यांवर दिसत. मुलगा दुसऱ्या अंतऱ्याशी पोचला होता आणि फार हळवी जागा घेणार होता, इतक्यात मॅनेजर त्याच्या कानाशी वाकला. मुलाने मान डोलावली. गिटारचा सूर तोच ठेवून, एका मात्रेचीही विश्रांती न घेता, तो थेट 'हॅपी बर्थडे'वर गेला. दिवे गेले. केक आला. नावाच्या जागी "पिंटूशेठ" बसवताना त्याला जरा कसरत करावी लागली, पण त्याने बसवलं. टाळ्या झाल्या, तोंडाला क्रीम फासून झालं, दिवे आले. बशर नवाज परत आले नाहीत.

निघताना मी त्याला गाठून म्हटलं, "ते गाणं लिहिणारे इथले होते, माहीत आहे का?"

"कोणतं, काका? हॅपी बर्थडे?"

मग सांगितलं. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. त्याने फोन काढला, नाव लिहून घेतलं आणि म्हणाला, "पुढच्या वेळी सांगून गातो." लगेच पुढे म्हणाला, "बर्थडे नसला तर."

बारमध्ये गायला मिळत नाही आणि रेस्टॉरंटात ऐकायला कुणी नाही, म्हणून गावातल्या हौशी मंडळींनी तिसरी वाट काढली आहे. कराओके क्लब. निवृत्त अभियंते, बँक अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक रविवारी एखादा छोटा हॉल भाड्याने घेतात, पडद्यावर अक्षरं सरकतात आणि प्रत्येक जण आपापला किशोरकुमार बाहेर काढतो. गाणाऱ्याला इतर सगळे टाळ्या देतात, कारण त्यांचाही नंबर यायचा असतो. अशा एका क्लबात बसून मी मनातल्या मनात शार्ङ्गदेवाची उजळणी केली. त्याने गायकांचे पंचवीस दोष मोजून ठेवलेत. हिशेबनीसच तो. दात आवळून गाणारा, भीत भीत गाणारा, कावळ्याच्या आवाजाचा 'काकी', उंटासारखी मान वर करणारा 'करभ', डोळे मिटून गाणारा 'निमीलक', नाकातून गाणारा 'सानुनासिक', तालाला सोडचिठ्ठी दिलेला 'विताल'. मध्यंतराच्या बटाटेवड्यापर्यंत यादीतले बरेचसे येऊन गेले. तरी मला ते गाणं आवडलं हे कबूल करतो. रजिस्टरवर सह्या करण्यात हयात घालवलेला माणूस साठीनंतर कोट घालून, घाम पुसत, सगळ्यांसमोर 'करभ' होतो, तेव्हा त्याला दोष दाखवायला शार्ङ्गदेवानेही चष्मा काढून ठेवला असता. शेवटी तोही अकाउंट्सचाच माणूस.

आणि खरं गाणं ऐकायचं तर आमच्याकडे छताखाली जाऊच नये. 14 जानेवारीला, नामविस्तार दिनी, विद्यापीठाच्या गेटवर या. 1994 साली त्या दिवशी विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं. तेव्हापासून दरवर्षी गेटसमोर माणसांचा पूर लोटतो. पुस्तकांचे स्टॉल, निळे झेंडे आणि भीमगीतं. ढोलकीवर थाप पडते, कोरस चढतो, कडेवर पोरं घेतलेल्या बाया पाठ असलेल्या ओळी गाणाऱ्याच्या आधी म्हणतात. गाणाऱ्याने एखादी ओळ खाल्ली तर समोरून दुरुस्ती येते. असा श्रोता मुंबईच्या कुठल्या क्लबाला मिळतो? कव्हर चार्ज नाही, बाउन्सर नाही, आत सोडण्यासाठी बूट बघत नाहीत. वेरूळ-अजिंठा महोत्सवही असाच आभाळाखालचा. कैलास लेण्यापासून सुरू झाला, पुढे विद्यापीठाच्या परिसरातल्या सोनेरी महालात आला, मग सात वर्षं झोपला आणि फेब्रुवारी 2023 मध्ये पुन्हा उठला. त्याला मात्र पुढच्या रांगा पासवाल्यांच्या असतात, आणि पासवाले बहुधा उशिरा येतात नि लवकर जातात.

उघड्यावरच्या गाण्याला एकच अडचण आहे, रात्रीचे दहा. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे. दहानंतर लाउडस्पीकर बंद, वर्षातून फार तर पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. बंदिस्त सभागृहाला हे बंधन नाही. गायक नेमका रंगात यायला आणि पोलिस निरीक्षक घड्याळ बघायला एकच गाठ पडते. याबद्दल चिडणारे पुष्कळ आहेत. मी नाही. माझ्या गल्लीत लग्नसराईत डीजे येतो तेव्हा माझ्या खिडक्यांच्या काचा ज्या तालात हलतात तो ताल रत्नाकरात सापडत नाही. दहाचा नियम राहू द्या.

पाहुण्याला हवा तसा क्लब या शहरात कधी ना कधी होईलच, बायपासवर जागा भरपूर आहे. मला त्याची घाई नाही. त्याआधी इथल्या परमिट रूमच्या मालकांना एवढंच म्हणणं आहे की आठवड्यातला एक दिवस, मंगळवार चालेल, तो टीव्ही बंद करून पाहा. गावात तबला-पेटीवाले आहेत, गझल म्हणणारे आहेत, भीमगीतातला कोरस उचलणारी पोरं आहेत, मानधन फार मागत नाहीत. जुनी मॅच कुठे जात नाही. आणि तुम्हा-आम्हा गिऱ्हाइकांना विनंती : समोर कुणी गात असेल तर रोटी मुखड्याआधी सांगा, बिल गाणं संपल्यावर मागवा आणि पिंटूशेठचा केक कृपा करून घरी कापा.